डनहॅमची उत्तरेकडची भिंत

प्रॉव्हिडन्स, १२ मार्च १८८३

डनहॅमच्या वाचनालयाचे काम आज माझ्याकडे आले. ते कसे आले हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. माझे मालक, वास्तुविशारद होरेस बॅनिंग यांच्यावर उद्या ग्रंथ लिहिले जातील, अर्ध्या देशातील न्यायालये, चर्च आणि आगगाडीची स्थानके त्यांची म्हणून दाखवली जातील. ती प्रत्यक्षात कशी तयार होतात हे मात्र कोणी लिहिणार नाही.

ती पलंगावर तयार होतात. मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे बॅनिंग सकाळी उठत नाहीत. कचेरी घरालाच जोडलेली असल्यामुळे आम्हां आरेखकांना एकेक करून त्यांच्या खोलीत बोलावले जाते. आज त्यांच्या पांघरुणावर कालवांची बशी होती, जी डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत बंद केलेली आहे. बशी बाजूला सरकवून त्यांनी तळहातात मावेल एवढ्या कागदावर मऊ पेन्सिलीने चार रेघा ओढल्या, मधोमध अंगठ्याने एक काळा डाग फासला आणि तो कागद माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे, साहेब?"

"दार."

"आणि बाकीचं?"

"बाकीची भिंत. खडबडीत ठेव, जाड दगडाची. सगळा जीव त्या काळ्यात आहे. तेवढा सांभाळ, मग तुझं तू कर."

मी आभार मानले. आभार मानताना माझा जबडा दुखत होता.

२० मार्च

तो डाग मी टेबलासमोर टाचून ठेवला आहे, आणि नजर गेली की संताप येतो. पॅरिसच्या कलाशाळेत मी पाच वर्षे काढली. तिथे असा कागद घेऊन आलेल्याला दारवानानेच परत पाठवले असते. इथे त्याला प्रतिभा म्हणतात, आणि त्या प्रतिभेचे दगड होईपर्यंतचे सर्व कष्ट माझे असतात. सहा वर्षांत माझ्या हातून चौदा इमारती गेल्या. एकीवरही माझे नाव नाही. मला एक भिंत हवी आहे, जिच्याकडे बोट दाखवून जग म्हणेल की ही ऑगस्टस व्हीलॉकची. याहून अधिक मी काही मागत नाही, आणि याहून कमी स्वीकारण्याचे वय उलटून गेले आहे.

म्हणून ही भिंत मी माझ्या पद्धतीने रेखाटली. फिकट वालुकाश्म, आरशासारखा घासलेला. सहा सडपातळ अर्धस्तंभ, भिंतीतून जेमतेम बाहेर आलेले. त्यांच्या माथ्यावर तीन कंगोऱ्यांची पट्टी, प्रत्येक कंगोरा बोटाच्या पेराएवढा पुढे. दारावर उथळ, नेटकी कमान. हे सौंदर्य सावल्यांचे आहे, आणि सावलीचे शास्त्र आहे. प्रकाश पाहणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून, पंचेचाळीस अंशांत उतरतो. जो भाग जितका पुढे, तितकीच त्याची सावली लांब. शाळेत प्रत्येक इमारत, मग ती कोणत्याही गावची असो, याच उजेडात रेखाटली जाते. शाईचे फिकट थर एकावर एक देत मी आठवडाभर त्या सावल्या भरल्या. आज कागद उभा करून पाहिला तेव्हा कंगोऱ्यांवर बोट फिरवावेसे वाटले.

जागेच्या नकाशावर उत्तर दिशा दाखवणारा बाणही मीच काढला. त्याच्या पिसांचे काम बॅनिंगखेरीज सर्वांनी वाखाणले.

डनहॅम, ३ एप्रिल

समितीपुढे नकाशे मांडले. समिती म्हणजे नावापुरते पाच गृहस्थ आणि प्रत्यक्षात मिस ड्रुसिला पेकम. वाचनालय त्यांच्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ आहे, आणि त्याच्यामागे गावातली कापडगिरणी त्या स्वतः चालवतात. बाई उंच, कोरड्या, बोलण्यात धारदार. पण माझा कागद पाहून त्या गप्प झाल्या, आणि ते मौन मी आयुष्यभर जपून ठेवीन.

"दगड इतका जिवंत दिसतो हे मला ठाऊक नव्हतं," असे त्या शेवटी म्हणाल्या. "हे असंच होणार ना?"

"तसूभरही फरक होणार नाही, मिस पेकम."

नंतर जागेवर गेलो. गावच्या हिरवळीच्या दक्षिण कडेला हा भूखंड आहे. इमारत हिरवळीकडे, म्हणजे उत्तरेकडे, तोंड करून उभी राहील. सगळीकडे चिखल झाला होता, फक्त आमच्या जागेवर बर्फ तसाच होता.

"इथला बर्फ सगळ्यांत शेवटी जातो," मिस पेकम म्हणाल्या. "भाऊ म्हणायचे, डनहॅममध्ये वसंत येतो तो रस्त्याच्या पलीकडेच राहतो."

म्हाताऱ्या कुमारिकांना हवामानावर बोलायला आवडते. पाण्याचा निचरा नीट करायला हवा, एवढी टीप मी केली.

प्रॉव्हिडन्स, ९ एप्रिल

समितीच्या बैठकीआधी बॅनिंगना बरे नव्हते, म्हणून आराखडा त्यांना आज दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"फार सुंदर कागद आहे, व्हीलॉक. माझ्या कचेरीत इतका चांगला हात कधी आला नाही." मग चष्मा कपाळावर सारून, "सूर्य कुठे उभा केलायस?"

"डाव्या खांद्यामागे, साहेब. नियमाप्रमाणे."

ते हसू लागले आणि हसता हसता खोकल्याने बेजार झाले. मी पाणी दिले. मला हसण्याचे कारण विचारायचे नव्हते.

"डनहॅमला जा," श्वास आल्यावर ते म्हणाले. "एक खुर्ची घे आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बस. काही काढू नकोस. नुसता बस."

"जागेची मोजमापं माझ्याकडे आहेत."

"मोजमापं नकोत रे. बस म्हणतोय मी. आणि कमान खोल कर. माणूस दोन्ही हात पसरून आत उभा राहिला तरी बाहेरच्याला दिसू नये, इतकी खोल. हे अर्धस्तंभ-बिर्धस्तंभ ठेवायचे तर ठेव, पण कमान खोल."

कागद सुंदर म्हणायचे आणि कागदावर जे आहे ते पुसायला सांगायचे. बाहेर आलो तेव्हा नॅथन टपर, माझ्या शेजारच्या टेबलावरचा विदूषक, मान वर न करता म्हणाला, "काय, कमान खोल?"

"तुला कसं कळलं?"

"सगळ्यांना तेच सांगतात. मागे मी कोंबड्यांचं खुराडं काढलं होतं, त्याचीसुद्धा कमान खोल करायला लावली."

सर्व टेबले हसली. अशा लोकांमध्ये मी माझी उमेदीची वर्षे घालवली आहेत.

२३ मे

बॅनिंगबरोबर हार्टफर्डच्या न्यायालयाच्या बांधकामावर जावे लागले. प्रकृती जरा बरी आहे असे त्यांना वाटते. दगडाचे कंत्राट मॅकनॅब या स्कॉटिश पाथरवटाकडे आहे, डनहॅमचेही त्याच्याकडेच. तिथे भिंतीचा एक नमुन्याचा तुकडा बांधून ठेवला होता. बॅनिंगनी त्यासमोर कापडी खुर्ची मांडली, सफरचंदांची पिशवी मांडीवर घेतली आणि दिवसभर बसून राहिले. अधूनमधून खुर्ची हातभर सरकवीत. संध्याकाळी म्हणाले, "पाडा. सांधे जास्त खोल हवेत."

"तिसऱ्यांदा पाडतोय, साहेब," मॅकनॅब म्हणाला.

"चौथ्यांदाही पाडशील. सफरचंद घे."

कारागिरांना ही नाटके आवडतात. घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळते. मला एका गोष्टीचा राग आहे, आणि तो मी स्पष्ट लिहितो. ज्याला आपल्याला काय हवे ते आधी ठाऊक नसते, त्याचे शिक्षण झालेले नसते. रेखाटन म्हणजेच निर्णय. जो भिंत पाडून निर्णय घेतो, तो कागदावर अडाणी आहे.

१८ जून

बॅनिंग परवा जेवणाच्या टेबलावरच कोसळले. डॉक्टरांनी सर्वांना भेटायला मनाई केली आहे. मिसेस बॅनिंग जिन्यावर बसून असतात आणि कोणाला वर जाऊ देत नाहीत.

मॅकनॅबला दगड कापण्यासाठी खऱ्या मापाचे पूर्णाकार नकाशे या आठवड्यात हवेत. नाही दिले तर त्याची माणसे दुसऱ्या कामावर जातील आणि वर्ष फुकट जाईल. कमानीचे दोन नकाशे माझ्यापुढे आहेत. एक बॅनिंगच्या म्हणण्याप्रमाणे, बोगद्यासारखा, एक माझा.

क्षणभर मनात आले की त्यांच्या दारावर टकटक करावी. पण कशासाठी? आजारी माणसाला उठवून त्याच्याकडून पुन्हा एकदा अंगठ्याचा डाग मिळवण्यासाठी?

२१ जून

माझे नकाशे गेले. टपरने ते गुंडाळताना पाहिले.

"साहेबांना दाखवलंस?"

"साहेबांना झोप हवी आहे."

"ती तर आहेच," टपर म्हणाला. "पण कमान?"

"समितीने जो कागद मंजूर केला, तोच दगडात उतरतो आहे. यात तुला काही आक्षेप आहे?"

"मला कसला आक्षेप? मी खुराडी काढतो."

टपरसारख्या माणसांची नम्रताही उद्धट असते.

डनहॅम, १६ ऑक्टोबर

परांची उतरली.

मला काय दिसले ते मी शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करतो. काहीच दिसले नाही. हिरवळीच्या मध्यावर उभा राहून मी जे पाहिले तो करड्या रंगाचा, चपटा, रुंद पुठ्ठा होता. अर्धस्तंभ कुठे सुरू होतात आणि भिंत कुठे संपते हे सांगता येईना. कंगोरे नाहीत. कमान म्हणजे खडूने ओढलेली अर्धवर्तुळाची रेघ. दिवस ढगाळ होता, हे उघड कारण आहे.

मिस पेकम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "वरचं आच्छादन कधी काढणार, मिस्टर व्हीलॉक?"

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या थट्टा करीत होत्या की नाही हे मला अजून समजलेले नाही.

१७ ऑक्टोबर

आज आकाश लख्ख होते. पलीकडच्या चर्चचा प्रत्येक खिळा चमकत होता, हिरवळीवरची गवताची काडी न् काडी दिसत होती. माझी भिंत कालच्यासारखीच होती. मी सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, दिवस कलताना पाहिली.

मॅकनॅबला बोलावून घेतले आणि त्याच्या माणसांनी कडा बोथट केल्या आहेत असे तोंडावर सांगितले. तो शिडी घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून एकूण एक कंगोरा मोजला. सर्व मापे माझ्या नकाशाबरहुकूम, केसाइतकाही फरक नाही.

"तुम्ही काढलंत तसं कापलं, साहेब," शिडीवरून उतरत तो म्हणाला. "माझ्या पोरांना इतकं बारीक काम कधी मिळालं नव्हतं. खूश होती बिचारी."

म्हणजे दोष दगडात आहे. फिकट वालुकाश्म सावली धरत नाही, हे खाणवाल्याने सांगायला हवे होते. या देशातील दगडसुद्धा अशिक्षित आहे.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस मी शब्दशः नोंदवून ठेवणार आहे, कारण उद्या त्याचे निरनिराळे पाठ सांगितले जातील.

कोणीतरी, बहुधा टपरने, बॅनिंगना सांगितले. डॉक्टरांचा विरोध झुगारून ते बग्गीतून डनहॅमला आले. दोन माणसांनी धरून त्यांना उतरवले. पूर्वीचा तो अवाढव्य देह आता कोटाच्या आत सैल झाला होता. त्यांनी खुर्ची मागवली आणि भिंतीसमोर बसले. मिस पेकम छडीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

बॅनिंगनी फार वेळ घेतला नाही.

"मिस पेकम, भिंत चुकली आहे. चूक माझी आहे. थंडी सरली की समोरचा सगळा दगड काढून मी नवीन बांधून देईन. खर्च माझा."

माझी भिंत, आणि चूक यांची. सहा वर्षांत या माणसाने माझी प्रत्येक रेघ आपली म्हणून जगापुढे ठेवली. आता हीही उचलत होते, तीसुद्धा पाडण्यासाठी.

"ही भिंत साहेबांची नाही," मी म्हणालो.

"व्हीलॉक," बॅनिंग हळूच म्हणाले, "गप्प बस."

"का बसू? साहेबांनी एक डाग काढला होता, तो माझ्याकडे अजून आहे. यातली रेघन् रेघ माझी आहे. कमान खोल करायला मला सांगितलं होतं, ती मी केली नाही. ते अंथरुणावर होते. नकाशे मी पाठवले."

मिस पेकमनी माझ्याकडे पाहिलेच नाही. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, मिस्टर बॅनिंग?"

"माझ्या कचेरीतून बाहेर पडलेला कागद माझा असतो, बाई. मग तो कोणीही काढो."

"हे तुम्ही चांगुलपणाने म्हणताय. मी गिरणी चालवते. कापडाच्या बिघडलेल्या ताग्यावर कुणाचा शिक्का मारायचा, ते मला कळतं. पाडू नका. भावाची पुस्तकं दोन वर्षं खोक्यांत पडली आहेत. आणि तुमची तब्येत बघता, ही भिंत पुन्हा उभी करायला तुम्ही असाल याची मला खात्री नाही. माफ करा, मी स्पष्ट बोलते. आहे तशी राहू दे. फक्त तुमच्या नावाने नको." मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दाराशेजारी तुमचं नाव कोरा, मिस्टर व्हीलॉक. माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं. लोकांना कळू दे कोणी केलं ते."

मी मान लववून आभार मानले. माझा आवाज स्थिर होता.

बॅनिंगना बग्गीत बसवताना त्यांनी माझी बाही धरली. पकड इतकी अशक्त होती की मी ती सोडवून घेऊ शकलो असतो.

"मूर्खा," ते म्हणाले, "मी ते अंगावर घेत होतो."

"मला ते द्यायचं नव्हतं, साहेब."

"ते दिसलंच." त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "तू ऊन काढलंस, व्हीलॉक. या भिंतीवर ऊन येत नाही. म्हणून मी तुला काळोख दिला होता. काळोख आपला आपण करता येतो, तो कुणाकडून यावा लागत नाही."

हे त्यांचे सुभाषित ग्रंथांतून छापले जाईल यात मला शंका नाही. नियम माझा नाही, शतकांचा आहे. एखादा भूखंड त्या नियमात बसत नसेल तर तो निवडणाऱ्यांनी उत्तर द्यावे. मला फक्त एवढेच कळत नाही, की उत्तरेकडे तोंड आहे हे दोन शब्द एप्रिलमध्ये सरळ सांगायला यांना काय झाले होते. खुर्चीवर बस म्हणे.

प्रॉव्हिडन्स, १७ फेब्रुवारी १८८४

बॅनिंग आज सकाळी गेले.

अकरा कामे अर्धवट टाकून. हार्टफर्डची भिंत पाचव्यांदा पाडलेली आहे आणि ती पुन्हा कशी बांधायची होती हे पृथ्वीवर कोणालाही ठाऊक नाही. ज्या माणसाने आयुष्यात एकही नकाशा पुरा केला नाही, त्याने मरणही असेच मध्येच उरकावे, हे बेजबाबदारपणाचे टोक आहे. मी कचेरीत गेलो तर टपर टेबलावर डोके ठेवून हुंदके देत होता. मी त्याला सांगितले की शाई सांडेल. त्याने डोके उचलले नाही.

मिसेस बॅनिंग जिन्यावरच बसलेल्या होत्या; आता कोणाला अडवायचे नव्हते तरी.

"ऑगस्टस, परवा शुद्धीत होते तेव्हा तुझं नाव घेत होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, व्हीलॉकचा हात देवाने दिलेला आहे. त्याला मीच हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं, नुसतं जा म्हणून भागत नाही."

हात. सहा वर्षे त्यांच्याजवळ राहून शेवटी मी एक हात. घरी येऊन मी हे वाक्य तीन वेळा निरनिराळ्या तऱ्हेने लिहून पाहिले, त्यातला अपमान नेमका कुठे आहे ते शोधण्यासाठी. कागद ओले झाले, म्हणून फाडून टाकले.

कचेरी टपर आणि अन्य दोघे मिळून चालवणार आहेत. मला विचारले गेले नाही. विचारले असते तर नकारच दिला असता.

डनहॅम, ६ मे

आज नाव कोरले गेले. अक्षरांवर मी महिनाभर खपलो होतो. रोमच्या जुन्या शिलालेखांची प्रमाणे घेऊन, दोन अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्यांना समान वाटावी म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळी धरून. असे अक्षर या राज्यात दुसरे नाही. मॅकनॅबने छिन्नी स्वतः हाती घेतली, कारण मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता.

काम झाल्यावर त्याने धूळ फुंकली. जवळून पाहिले, निर्दोष होते. मग मी रस्ता ओलांडून हिरवळीवर गेलो आणि वळलो.

भिंत होती. दार होते. दाराशेजारी काही नव्हते.

परत आलो आणि म्हणालो, "अक्षरं दिसत नाहीत. आणखी खोल घ्या."

त्याने खोल घेतली. मी पुन्हा पलीकडे गेलो. शाळा सुटली होती. दोन मुली पुस्तके घेऊन दारातून आत गेल्या, त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही. तिथून मला माझ्या नावाच्या जागी घासलेला, फिकट, कोरा दगड दिसत होता.

"आणखी."

"साहेब, बोटाचं पेर बुडतंय आता," मॅकनॅब म्हणाला. "याहून खोल गेलो तर अक्षरांच्या कडा ढासळतील. ते नाजूक कोपरे तुम्हीच काढलेत. उरायचे नाहीत."

"न उरोत."

तो छिन्नी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात कीव होती, आणि ती मला इतकी असह्य झाली की मी त्याच्यावर ओरडलो. रस्त्यावरची माणसे थांबली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण किती खोल, तेवढं तरी सांगा."

"दिसेपर्यंत," मी म्हणालो.